माण-खटावचा हिवाळा आणि पाखरं

नोव्हेंबर लागला की पुण्यातल्या सगळ्या ग्रुपवर भिगवणचे फोटो सुरू होतात, फ्लेमिंगो, होडी, सकाळचं धुकं, आणि "पक्षी बघायला कुठं जायचं" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलंच. भिगवण छानच आहे, उजनीच्या त्या फुगवट्यावर हजारोंनी पक्षी उतरतात आणि तिथल्या मच्छीमार पोरांना त्यातून चार पैसे मिळायला लागलेत ही फार चांगली गोष्ट झाली. पण हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या पाखरांचं घर म्हणजे मोठं पाणी, एवढंच जे लोकांच्या डोक्यात बसलंय ते मला फार दिवस खुपतंय. उघड्या माळावर, शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या रानात आणि अर्ध्या सुकलेल्या नदीच्या वाळूत कितीतरी पक्षी अख्खा हिवाळा काढतात, पाच-सहा महिने राहतात, आणि त्यांची दखल कुणी घेत नाही कारण ते मातकट रंगाचे आहेत, लांबून उडतात, आणि ती जागा बघायला गेलं तर "इथं काय आहे?" असंच वाटतं.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते माण, खटाव, आटपाडी, थोडं सांगोल्याकडचं, म्हणजे ज्याला आपण सगळे दुष्काळी पट्टा म्हणतो तिथलं.

आधी जमीन कशी आहे ते सांगते, कारण पाखरांचं सगळं गणित तिच्यावर आहे. सह्याद्री सगळा पाऊस स्वतःकडं ठेवून घेतो, आमच्याकडं वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर, कधी तेवढाही नाही. महादेवाच्या डोंगररांगेतून दोन नद्या निघतात, येरळा आणि माणगंगा. येरळा वडूजवरून येरळवाडीच्या तलावात येते आणि पुढं सांगली जिल्ह्यातून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि माणगंगा म्हसवड, आटपाडी, सांगोला करत पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. दोन्ही नद्या पावसाळ्यात वाहतात, दिवाळीनंतर बारीक होतात, संक्रांतीपर्यंत डोहाडोहात पाणी उरतं आणि मग नुसती वाळू. डोंगराच्या उतारावर मुरमाड माळ, त्यावर वीतभर ते कमरेएवढं कुसळी गवत, आणि खाली नदीकडं उतरत गेलं की काळी रानं. असा हा उंचावरचा, सगळीकडं नांगर लागलेला पण तरी मोकळा मुलूख.

आता या रानात शाळू कधी पेरतात? उत्तरा-हस्ताच्या पावसावर, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटाला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. वाफसा आला की पेरणी, आणि त्यानंतर पाऊस नाही पडला तरी काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर तो शाळू येतो. मालदांडी तर त्यासाठीच नावाजलेली, मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाण, शंभर वर्षं होत आली तरी लोक तेच पेरतात. आणि बरोबर याच आठवड्यांत मध्य आशियातून, कझाकस्तानकडून, सायबेरियाकडून पाखरं यायला लागतात. ती येतात तेव्हा गवत पिकलेलं असतं, नाकतोडे भरपूर असतात, गुडघाभर शाळू उभा असतो, बांधावर हरळी-गवताचा पट्टा असतो, नदीत पाणी असतं पण फार नसतं. फेब्रुवारीत शाळू काढतात, रानात सांडलेले दाणे आणि उघडी ढेकळं राहतात, आणि मार्च-एप्रिलला पाखरं परत निघतात. शेतीचं वर्ष आणि पाखरांचं वर्ष एकमेकांत इतकं घट्ट बसलंय की एक हललं की दुसरं हलणारच.

मला यातला सगळ्यात जवळचा पक्षी भोवत्या. इंग्रजीत हॅरिअर म्हणतात ते. आमच्याकडं गावात सगळे त्याला घारच म्हणतात, पण घार उंचावर गोल फिरते आणि हा अगदी खालून, शाळूच्या कणसांना पंख लागतील की काय असा, एकदा इकडं कलून एकदा तिकडं कलून, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि मग वळून शेजारची ओळ धरतो. नर फिकट राखाडी, पंखांची टोकं काळी, मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या असे दोन्ही आमच्याकडं येतात आणि दोघांच्या माद्या ओळखताना भलेभले गोंधळतात. बंगळुरूच्या एट्री या पर्यावरण संशोधन संस्थेच्या लोकांनी दक्षिणेत काही भोवत्यांना सॅटेलाइट टॅग लावले होते, त्यातले पक्षी उन्हाळ्यात थेट कझाकस्तानच्या गवताळ मैदानात जाऊन पोचले. म्हणजे आपल्या रानातला नाकतोडा खाऊन तो पक्षी हजारो किलोमीटर जातो, तिथं जमिनीवर घरटं करतो, आणि ऑक्टोबरला परत येतो.

रात्री हे भोवत्ये झाडावर बसत नाहीत, जमिनीवर गवतात झोपतात. दिवसभर पाच-दहा मैलांवर एकेकटे शिकार करत फिरतात आणि सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी एकेक करून एकाच माळावर गोळा व्हायला लागतात, थोडं घिरट्या घालतात, एकमेकांच्या अंगावर जातात आणि मग गवतात एकदम बसतात की दिसेनासे होतात. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला जगातल्या मोठ्यांपैकी एक अशी रात्रथाऱ्याची जागा आहे, तिथं अभ्यासही बराच झालाय. आमच्याकडच्या जागा छोट्या, कुठं दहा-बारा पक्षी, कुठं वीस. मी ज्या माळावर जाते तो मुद्दाम सांगत नाही. सकाळी उन्हं वर आल्यावर, पक्षी सगळे उठून गेल्यावर, तिथं गेलं की गवतात बशीएवढ्या दाबलेल्या जागा दिसतात, कडेला पांढरी विष्ठा, आणि त्यात त्यांनी ओकलेल्या गोळ्या पडलेल्या असतात. बोटाच्या पेराएवढी राखाडी-तपकिरी गोळी, हलकी, दवाने थोडी ओलसर. काडीने हळूच फोडली की आतून नाकतोड्याच्या मागच्या पायांचे तुकडे निघतात, करवतीसारखे काटे असलेले, मग चकचकीत तपकिरी जबडे, पंखांचे पारदर्शक तुकडे, कधी सरड्याचे खवले, कधी चंडोलाची दोन-चार पिसं, कधी उंदराचे केस. पण जास्त करून नाकतोडेच. एका गोळीत इतके जबडे निघतात की मोजत बसावं. मी दरवेळी माझ्या भावाला ते दाखवते, म्हणजे त्याला कळावं की हा पक्षी त्याच्या रानात काय करतो ते.

नाकतोडे हा जो भाग आहे ना तो लोकांनी नीट लक्षात घ्यायला पाहिजे. भोवत्या, छोटे ससाणे, खरुची, नीलपंख, भोरड्या, पिवळे धोबी, गप्पीदास हे सगळे हिवाळ्यात किड्यांवर जगतात, आणि किडे असतात ते गवत, बांध, पडीक आणि न फवारलेल्या पिकांत. २०१८ ला कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडंही मक्यावर दिसली, तेव्हापासून मक्यावर फवारणी हा नेमच होऊन गेलाय आणि ती अळी ज्वारीवरही येते. शेतकऱ्याने काय करायचं, पीक हातचं घालवायचं का? तसं मी म्हणणारच नाही. पण आधी ज्या शाळूला पेरणीपासून काढणीपर्यंत औषधाचा एक थेंब लागत नव्हता तिथं आता पंप फिरतो, आणि फवारलेल्या रानावरून भोवत्या उडत नाही हे मी बघितलंय, तो बांधापर्यंत येतो आणि दुसरीकडं वळतो.

भोरड्यांबद्दल सांगायलाच पाहिजे कारण त्यांच्यावरून घरात भांडण होतं. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, पळसमैनाही म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी येतात ते एप्रिलपर्यंत. तिकडं मध्य आशियात त्या टोळांच्या मागे मागे फिरतात, टोळ जास्त असतील तिथं हजारोंनी घरटी करतात. इथं आल्यावरही नाकतोडे खातात, पळस-पांगारा फुलला की त्यातला मध पितात, पण शाळूत दाणा भरला की मात्र कणसावर उतरतात आणि थवा उतरला की कणीस राहत नाही. मी लहान असताना हुरड्याच्या दिवसांत सगळ्या शिवारात राखणीचे माळे, म्हणजे मचाणं असायची, पहाटेपासून गोफणीचे आवाज, डबे वाजवणं, आणि पाखरं या रानातून त्या रानात. प्रत्येकाचं थोडं थोडं जायचं. आता काय झालंय ते माझ्या चुलत्यांनी, नानांनी मला एका वाक्यात सांगितलं, "आगं शिवारात माझा येकट्याचाच शाळू हाय, मग पाखरं जात्यात कुठं? माझ्याकडंच येत्यात की."

हे एक वाक्य मला सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त शिकवून गेलं. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, डाळिंब आलं, द्राक्षं आली, गाईगुरांसाठी मका आला, आणि शाळू कमी होत गेला, कारण काढायला माणसं मिळत नाहीत, उपटायचं, मोडायचं, मळायचं, सगळं अंगमेहनतीचं. आणि शाळू जसा कमी होतो तसा उरलेल्या शाळूवर पाखरांचा भार वाढतो, सगळ्या गावाची पंगत एका घरावर पडावी तसं होतं, मग तो शेवटचा शेतकरीही कंटाळून सोडून देतो. पाखरांनी पीक खाल्लं म्हणून शाळू संपला असं नाही, शाळू कमी झाला म्हणून राहिलेला पाखरांनी खाल्ला. आणि कडबा? कडब्याची पेंढी मिळेना झालीय हे दूधवाला कुठलाही माणूस सांगेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, शहरात मालदांडीची भाकरी चवीने खातात, किलोला चांगला भाव देतात, पण त्या भावातला किती वाटा राखण करणाऱ्यापर्यंत पोचतो ते बघायला पाहिजे.

शाळू काढल्यावरचं रान हा आणखी वेगळाच प्रकार. पेंढ्यांची बुचाडं उभी असतात, मध्ये ढेकळं, आणि लांबून बघितलं तर रान मोकळं. मग आपण चार पावलं टाकली की ढेकळंच उडाल्यासारखा पाचशे-हजार चंडोलांचा थवा एकदम उठतो, शॉर्ट-टोड लार्क म्हणतात ते, बारीक, मातीच्या रंगाचे, आणि एक गिरकी घेऊन परत तिथंच बसतात. त्यांच्याबरोबर भारीट, काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे. काळ्या डोक्याचा भारीट पूर्व युरोप, तुर्कस्तान, इराणकडं घरटी करतो आणि हिवाळ्यात जवळजवळ सगळेच्या सगळे भारताच्या पश्चिम आणि मध्य भागात येतात. म्हणजे या पक्ष्याच्या अख्ख्या जातीचा हिवाळा आपल्या शेतकऱ्यांच्या रानावर अवलंबून आहे. त्याच्यासाठी कुठलं अभयारण्य नाही आणि करताही येणार नाही.

याच दिवसांत धनगरांचे कळप रानात बसवलेले असतात, लेंडीखतासाठी. मेंढरं चरत पुढं सरकतात आणि त्यांच्या पायांतून पिवळे धोबी पळत असतात, उठलेले किडे टिपत. एका मेंढपाळ मामांशी माझं दरवर्षी बोलणं होतं. माळावर झाडं लावायचं चाललंय असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, हितं काय न्हाय म्हंत्यात, मग माझी चारशे मेंढरं काय वारा खात्यात व्हय?"

आणि हाच खरा विषय आहे ज्यासाठी मी हे लिहायला बसले. माळ म्हणजे पडीक. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात वेस्टलँड, आणि आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांच्या मनात "इथं झाडं लावली पाहिजेत". दरवर्षी जूनमध्ये शहरातून गाड्या भरून लोक येतात, माळावर खड्डे खणतात, ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, कडुलिंब, वड, पिंपळ जे मिळेल ते लावतात, फोटो काढतात. पाणी अडवायला खणलेले सलग समतल चर तर डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा ओढल्यासारखे सगळीकडं. मनात वाईट काही नसतं, मला माहिती आहे, माझ्या मैत्रिणीही जातात. पण पाचशे मिलिमीटर पावसाचा मुरमाड माळ हा तुटलेलं जंगल नाही हो. तो गवताचाच प्रदेश आहे, हजारो वर्षं आहे, आणि तिथं राहणारे जीव झाडं टाळून राहणारे आहेत. माळटिटवी, धाविक, डोंबारी, चंडोल, लावा जमिनीवर अंडी घालतात, झाड वाढलं की त्यावर कावळा आणि शिक्रा बसतो आणि खालची अंडी-पिल्लं संपतात. भोवत्याला रात्री बसायला चारी बाजूंनी मोकळं दिसायला लागतं. खोकड, लांडगा, चिंकारा, सगळे याच माळाचे. ग्लिरिसिडियाची दाट रांग उभी राहिली की गवत जातं, गवत गेलं की मेंढरं जातात, आणि हिरवं दिसतं म्हणून सगळे खूश.

माझी कळकळीची विनंती आहे, झाडं गावठाणात लावा, ओढ्याच्या काठाने लावा, रस्त्याच्या कडेने लावा, बांधावर बोर-बाभूळ-लिंब ठेवा, शाळेत लावा. कुसळी गवताचा माळ तेवढा सोडा.

वणव्याचंही असंच. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळलं की कुणीतरी काडी लावतं, पुढच्या वर्षी गवत चांगलं फुटतं या समजुतीने, किंवा नुसतं गंमत म्हणून. ज्या रात्री माळ जळतो त्या रात्री तिथं झोपणारे भोवत्ये उठतात आणि अंधारात कुठं जातात कुणास ठाऊक. गवत कापून नेलं तर मला काही अडचण वाटत नाही, कापलंच पाहिजे, जनावरांना लागतं, फक्त एखादा पट्टा मार्चपर्यंत उभा ठेवला तर पाखरांचं भागतं.

आता नदीकडं येते. येरळा काय, माणगंगा काय, यांची वाळू आधी दोन-दोन पुरुष खोल होती असं जुनी माणसं सांगतात. वाळूत पाणी मुरलेलं राहायचं, उन्हाळ्यात हाताने उकरलं की झिरा लागायचा. हिवाळ्यात त्या वाळूच्या कडेने तुतवार, छोटे टिलवे, धोबी, लव्हाळ्यात निळ्या गळ्याचा शंकर, डोहात चक्रवाक जोडीजोडीने. चक्रवाक तर लांबूनच कळतो, नारिंगी अंग आणि तो घुमणारा आवाज. वाळू उपसून नेली तेव्हा विहिरींचं पाणी गेलं हे सगळ्यांना कळलं, पाखरांचं गेलं ते कुणी मोजलं नाही. जिथं वाळू गेली तिथं खाली चिखल-माती उघडी पडली आणि वेडी बाभूळ घुसली, आता काही ठिकाणी नदीचं पात्र शोधावं लागतं. एक खरं सांगायचं तर त्या वेड्या बाभळीत संध्याकाळी भोरड्या मुक्कामाला येतात, काट्यांत त्यांना कुणी हात लावू शकत नाही, आणि त्या वेळचं त्यांचं आभाळात घुसळणं बघायला मीही उभी राहते. तरी पात्रातली वेडी बाभूळ काढलीच पाहिजे असं माझं मत आहे, पण एका दमात जेसीबी लावून सगळी नको.

तलावांचं गणित तर फारच नाजूक. मायणीचा ब्रिटिश काळातला तलाव, येरळवाडीचा, सूर्याचीवाडीचा, माणगंगेवरचा राजेवाडीचा, हे सगळे उथळ. सरकारने २०२१ मध्ये मायणी आणि आसपासचे काही तलाव मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, त्याचा मला फार आनंद झाला. फ्लेमिंगो यायचे म्हणून मायणीचं नाव झालेलं. पण फ्लेमिंगोला काय लागतं? चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खाणारा पक्षी तो, त्याला पाय टेकतील एवढंच पाणी लागतं. तलाव भरलेला असला की तो काठाच्या एका पट्टीत राहतो किंवा येतच नाही, आणि पाणी हळूहळू उतरत गेलं की उघड्या होत जाणाऱ्या गाळावर टिलवे, तुतवार, शेकाट्या, पाणलावे, थापट्या बदकं, वरच्या ओल्या हिरवळीवर चरायला पट्टकदंब. हा पट्टकदंब म्हणजे तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा हंस, एका पक्ष्याची टॅगवरून नोंदलेली उंची ७,२९० मीटर आहे.

आणि तलाव उतरतो तशी माणसंही आत उतरतात, गाळपेर करायला. उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू, ज्वारी, कलिंगड. पाणी मागे सरकतं तसा पेरा पुढं सरकतो. अगदी पाण्याच्या कडेपर्यंत पेरलं तर पाखरांना चिखलाची पट्टी राहत नाही, पण वीस-पंचवीस पावलं सोडली तर दोघांचंही होतं, कारण पाणी रोज मागे जातच असतं. हे कुणी शेतकऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि मी जेव्हा सांगितलं तेव्हा कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

आता पाणी आलंय. उरमोडीचं, टेंभूचं, जिहे-कठापूरचं, या सगळ्या पाणी योजनांचं. माझ्या आईने डोक्यावरून पाणी आणलंय, चारा छावणीत जनावरं बांधलेली मी बघितलीत, माझ्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीला किंवा मुंबईला गेली. त्यामुळे कुणी पाखरांसाठी पाणी नको असं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पाणी आलंच पाहिजे होतं, उशिराच आलं. मात्र तलाव बाराही महिने काठोकाठ ठेवायचा का, की हिवाळ्यात त्याला उतरू द्यायचं, हे ठरवता येतं. ज्या तलावांना राखीव म्हणून नाव दिलंय त्यांच्यापुरतं तरी, डिसेंबर ते मार्च पाणी कसं खाली आणायचं हे शेतीच्या आवर्तनाबरोबर बसवता येईल. त्यासाठी पाटबंधारे, वन आणि गाव एका टेबलावर बसायला लागतात, आणि आत्तापर्यंत तसं घडल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

नुसती हद्द आखून काय होतं ते आपल्या शेजारी सोलापुरात झालेलं आहे. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळं आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, घर बांधायला परवानगी, विहिरीला परवानगी, आणि माळढोक म्हणजे आपल्या डोक्यावर बसलेला पक्षी अशी भावना झाली. नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोपर्यंत सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक जवळजवळ संपला होता. आज अख्ख्या देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत असं म्हणतात, तेही मुख्यतः राजस्थानात. ज्या पक्ष्याला शेतकऱ्याच्या रानात राहायचंय त्याला शेतकऱ्याच्या विरोधात वाचवता येत नाही, एवढं तरी आपण त्यातून घ्यायला हवं. भोवत्याच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यातल्या ६० टक्के कमी होताना दिसल्या, आणि मोकळ्या गवताळ प्रदेशातले पक्षी त्यात सगळ्यात वाईट अवस्थेत आहेत.

करण्यासारखं काय आहे? कायद्यात संवर्धन राखीव हे सरकारी जागेवर होतं, पण समुदाय राखीव गावच्या किंवा खासगी जमिनीवरही करता येतं, गावाची इच्छा असेल तर. त्याच्याही आधी सोपी गोष्ट, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही एजन्सीकडून भरून घेतलेली असते, एका गावची दुसऱ्या गावाला चिकटवलेली. ती काढून बघा, त्यात आपला माळ आहे का, हिवाळ्यात कुठली पाखरं कुठल्या गायरानात बसतात ते लिहिलंय का. नसेल तर लिहून घ्या. कागदावर "इथं भोवत्ये रात्री बसतात" असं असलं की उद्या त्याच गटात वृक्षलागवड किंवा सोलर प्लँट आला तर ग्रामसभेत बोट ठेवायला काहीतरी जागा राहते. आणि शाळूसाठी, गावातल्या आठ-दहा जणांनी एका पट्टीत, एका वेळी पेरला तर राखण वाटून घेता येते आणि पाखरांचा मार विभागतो. आमच्याकडं भाऊ आणि नाना आणि शेजारचे दोघं असं या वर्षी करायचं म्हणतायत. भावाला मी पुण्यातली गिऱ्हाईकं बघून देणार आहे, थेट मालदांडी, घरपोच.

जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, तिला तलावावर माणसं येतात, माळावर मात्र कुणी जात नाही, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात जी चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते तेव्हा तुम्ही शाळूच्या बांधावर उभं राहून पंधरा मिनिटांची एक यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, चंडोल नुसता "चंडोल" म्हणून टाकलात तरी चालेल. गाडी माळात घालू नका, गवतात कुणी ना कुणी बसलेलं असतं. ड्रोन अजिबात नको. भोवत्ये संध्याकाळी जमतात ती जागा सापडली तर लोकेशन ग्रुपवर टाकू नका, दोनशे पावलांवरून बघा आणि अंधार पडायच्या आत उलटं फिरा. शिवारात कुणी राखण करत असेल तर आधी राम राम करा, कशाला आलोय ते सांगा, बरोबर हुरडा मिळेल, आणि कुठल्या रानात काय उतरतंय हे त्या माणसाइतकं कुणालाच माहिती नसतं.